बदामाएवढी गाठ

पाठ दुखत नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. घरातल्या बाईची पाठ दुखते ती वाकून वाकून, कचेरीत जाणाऱ्याची बसून बसून आणि आजोबांची वयामुळे, अशी कारणं आपण आधीच ठरवून ठेवलेली असतात. उपायही ठरलेले. आधी बाम, मग गरम पाण्याची पिशवी, मग शेजारणीनं सुचवलेलं तेल, मग कमरेचा पट्टा आणि गादीऐवजी फळी. यात चूक काही नाही. बहुतेकांची पाठ एवढ्यानं, किंवा यातलं काही न करताही, चार-सहा आठवड्यांत ताळ्यावर येते.

म्हणूनच ज्याची येत नाही त्याची पंचाईत होते. दुखणं खरं असतं, पण दाखवता येत नाही. ना सूज, ना जखम, ना ताप. सुरुवातीला घरचे विचारपूस करतात. महिन्याभरानं विचारपूस मंदावते आणि वर्ष उलटलं की 'त्यांचं आपलं नेहमीचंच आहे' हे वाक्य घरात रुळतं. मग तो माणूसही सांगायचं सोडून देतो. अशा न सांगितलेल्या, न ऐकलेल्या दुखण्यांत क्वचित एखादं असं असतं की, ज्याचं मूळ पाठीच्या स्नायूंत नसतं, मणक्यांतही नसतं. ते असतं मणक्यांच्या आत, मज्जारज्जूला खेटून वाढणाऱ्या एका छोट्या गाठीत. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. ती काढता येते. पण वेळेत काढली नाही, तर चालत्या माणसाला अंथरुणावर आणू शकते.

अशी गाठ काढता येते हे जगाला कळलं ते लंडनमध्ये, १८८७ साली.

तीन वर्षांचं दुखणं

वैद्यकाच्या इतिहासात तो रुग्ण कॅप्टन गिल्बी म्हणून ओळखला जातो. ब्रिटिश लष्करातला अधिकारी, वय ४२. सुमारे तीन वर्षांपूर्वी त्याच्या पाठीत डाव्या बाजूला, फऱ्याखाली दुखू लागलं होतं. दुखणं यायचं, जायचं आणि पुन्हा जास्त जोरानं यायचं. डॉक्टर झाले, औषधं झाली. प्रत्येकाचं निदान वेगळं. फासळ्यांमधल्या नसेच्या दुखण्यापासून छातीतल्या रक्तवाहिनीच्या फुग्यापर्यंत सगळ्या शंका घेऊन झाल्या. कवायतीत वाढलेला माणूस, पण वेदनेपुढे हतबल झाला होता.

१८८७ उजाडलं आणि पाय दगा देऊ लागले. आधी एक पाय जड झाला, पाठोपाठ दुसरा. जून महिन्यापर्यंत दोन्ही पायांतली शक्ती गेली. छातीखालच्या अंगाची संवेदना गेली. लघवी आपली आपण होईना. आणि एवढं सगळं जाऊनही वेदना मात्र गेली नव्हती.

अशा अवस्थेत त्याला डॉ. विल्यम गॉवर्स यांनी तपासलं. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकारांवर गॉवर्सनी लिहिलेला ग्रंथ त्या काळी डॉक्टर मंडळी पोथीसारखा मानत. त्यांची आणखी एक खासियत होती. ते लघुलिपी शिकले होते आणि रोगी बोलत असता त्याचं म्हणणं भराभर उतरवून घेत. दुसऱ्या डॉक्टरांनीही लघुलिपी शिकावी म्हणून त्यांनी पुढे एक संस्थाच काढली. रोग्याचं बोलणं शब्दाला शब्द लिहून ठेवावं इतकं मोलाचं वाटणारा हा डॉक्टर होता.

आणि त्याच्यापाशी दुसरं साधन तरी काय होतं? क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षं होती. एमआरआय तर पुढच्या शतकातली गोष्ट. दुखणं कुठं सुरू झालं, आधी कोणता पाय गेला, टाचणी टोचल्याचं अंगावर कुठवर कळतं आणि कुठून कळेनासं होतं, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय कसा उडतो, एवढ्या सामग्रीवर गॉवर्सनी हिशेब मांडला. मज्जारज्जूवर बाहेरून काहीतरी दाब देत आहे, ती बहुधा गाठ आहे आणि ती पाठीच्या वरच्या भागात, अमुक मणक्यांच्या आसपास आहे. डोळ्यांनी न पाहिलेल्या गाठीचा पत्ता त्यांनी असा काढला.

पण पत्ता मिळाला म्हणून दार कोण उघडणार? मणक्याच्या आतली गाठ जिवंतपणी कुणी अशी शोधून, यशस्वीपणे काढलेली नव्हती. अशा गाठी सापडत त्या मृत्यूनंतर, शवचिकित्सेच्या टेबलावर.

आणखी एक मणका

गॉवर्सनी व्हिक्टर हॉर्स्ली या शल्यविशारदाला बोलावलं. हॉर्स्ली तेव्हा अवघे ३० वर्षांचे होते. त्यांनी रोग्याला पाहिलं आणि विलंब न लावता शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला. ९ जून १८८७ रोजी लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या नॅशनल हॉस्पिटलात कॅप्टनला टेबलावर घेतलं.

ठरलेल्या जागी पाठ उघडली. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाची कमान असते, ती काढली. मज्जारज्जूवरचं जाड आवरण उघडलं. आत पाहिलं, तर गाठ नाही.

आपल्याला आज ही गोष्ट शेवटासकट ठाऊक आहे, म्हणून हा क्षण किती कठीण होता ते ध्यानात येत नाही. रोगी भुलीखाली, पाठ उघडी, रक्त वाहतंय आणि ज्यासाठी एवढं धाडस केलं ती गाठच जागेवर नाही. निदान चुकलं असं म्हणून टाके घालणं सर्वांत सुरक्षित होतं. कुणी दोषही दिला नसता. हॉर्स्लींचे सहायक चार्ल्स बॅलन्स यांनी आणखी वर पाहावं असा आग्रह धरला, असं सांगतात. हॉर्स्लींनी वरच्या मणक्याची कमान काढली. आणि तिथे, आवरणाच्या आत, मज्जारज्जूला दाबून बसलेली गाठ दिसली. आकारानं बदामाएवढी.

गॉवर्स चुकले नव्हते. गाठ आहे तिच्यापेक्षा अंगावरच्या खुणा खाली दिसतात, एवढाच फरक होता आणि तो धडा पुढे सगळ्यांनी गिरवला.

गाठ निघाली. पहिले काही आठवडे कॅप्टननं फार सोसलं. वेदना होत्या, पायांत पेटके येत होते. पण हळूहळू पायांत जाणीव आली, मग हालचाल आली. माणूस उभा राहिला, चालू लागला. वर्षभरानंतर तो दिवसाचे सोळा तास काम करत होता आणि त्यात उभं राहणं आणि चालणं भरपूर होतं. १८८८ मध्ये गॉवर्स आणि हॉर्स्ली यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी अशा गाठींच्या जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की, त्यांतल्या बऱ्याच गाठी काढता येण्याजोग्या होत्या. ती माणसं मेली होती ती गाठीमुळे म्हणण्यापेक्षा गाठ ओळखली न गेल्यामुळे.

वायरीवरचं वेष्टण

मुळात ही गाठ येते कुठून? आपल्या मज्जारज्जूची जाडी साधारण करंगळीएवढी आणि लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. मेंदूकडून निघून तो मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरतो आणि कमरेच्या जरा वरच संपतो. वाटेत त्यातून दोन्ही बाजूंना नसांच्या ३१ जोड्या फुटतात. इथे नस म्हणजे रक्ताची नव्हे, संदेश वाहणारी, जिला डॉक्टर मज्जातंतू म्हणतात ती. कमरेखाली तर नुसत्या नसांचा झुपका लोंबत असतो. जुन्या शारीरशास्त्रज्ञांनी त्याला घोड्याचं शेपूट असंच नाव दिलं.

विजेच्या वायरीवर जसं प्लॅस्टिकचं वेष्टण असतं, तसं या नसांवरही पेशींचं आवरण असतं. या पेशींना श्वान पेशी म्हणतात. कुत्र्याशी त्यांचा काही संबंध नाही. टेओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं ते आडनाव. सगळे प्राणी पेशींचेच बनलेले असतात हे १८३९ साली मांडणारा तोच हा श्वान. कधीकधी आवरणातली एखादी पेशी विनाकारण वाढू लागते आणि तिची गाठ बनते. तिला श्वानोमा म्हणतात. दुसरा प्रकार न्यूरोफायब्रोमाचा. श्वानोमा नसेला एका बाजूला सारून वाढतो, तर न्यूरोफायब्रोमा नसेच्या धाग्यांत मिसळून तिलाच फुगवतो. शस्त्रक्रियेच्या वेळी हा फरक महत्त्वाचा ठरतो.

मणक्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणात होणाऱ्या गाठींपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा या नसेच्या आवरणाच्या गाठींचा असतो. स्त्री असो वा पुरुष, कुणालाही त्या होतात. बहुधा ऐन उमेदीच्या किंवा मध्यम वयात. बहुतेकांना एकच गाठ होते आणि ती काही आईवडिलांकडून आलेली नसते. क्वचित घराण्यात चालणारा विकार असतो, त्यात अशा अनेक गाठी होतात. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे पाच-सहाहून जास्त मोठे डाग असतील किंवा जवळच्या नात्यात कुणाला असा आजार असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं.

गाठ वाढते फार सावकाश. मज्जारज्जूही बिचारा सोशीक. जागा देत देत तो सरकतो, चपटा होतो आणि वर्षानुवर्षं काम करत राहतो. म्हणून सुरुवातीला खूण एकच, दुखणं. ही गाठ बहुधा संवेदना वाहणाऱ्या मुळावर उगवते, तेव्हा दुखणं त्या नसेच्या वाटेनं पसरतं. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं, दंडातून खाली किंवा मांडीतून पोटरीपर्यंत. आणखी एक खूण पुष्कळांत दिसते. साधी पाठदुखी आडवं झाल्यावर शमते; ही आडवं झाल्यावर वाढते. रात्री दोन-तीनला माणूस उठून बसतो, घरात येरझारा घालतो, उशा रचून बसल्या बसल्या डुलक्या काढतो. घरच्यांना वाटतं, झोप उडाली, काळजी करतात फार. काळजी नसते ती. आतली गाठ झोपू देत नसते.

भीती कशाची?

आज निदान सोपं झालं आहे. एमआरआयमध्ये ही गाठ स्पष्ट दिसते. नसेतून औषध टोचून चित्र काढलं की आणखी उठून दिसते. अशा रोग्याला अवघड जातं ते यंत्रात अर्धा तास उताणं पडून राहणं. दुखणं आडवं झाल्यावरच वाढतं हे आधी सांगितलं, तर तेवढ्यापुरतं औषध देता येतं.

खरी अडचण चित्र हाती आल्यावर सुरू होते. 'पाठीच्या कण्याला सुरी लागली की माणूस लुळा होतो' हे वाक्य प्रत्येक कुटुंबात कुणीतरी म्हणतंच. म्हणणाऱ्याचं प्रेम खरं असतं. एकेकाळी त्या भीतीला आधारही होता. आपल्या देशात न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग निघाला तोच मुळी १९४९ साली, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, डॉ. जेकब चांडी यांच्या हाताखाली. दुसऱ्याच वर्षी मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी काम सुरू केलं. त्याआधीच्या पिढीनं मणक्याच्या आतल्या गाठीचा एकच शेवट पाहिला होता. तो पाहिलेल्यांचं बोलणं आजही घराघरांत उरलं आहे.

मग आज नेमकं करतात काय? रोग्याला भूल देऊन पालथं झोपवतात. एक्स-रे घेऊन मणका मोजतात, कारण हॉर्स्लींसारखी शोधाशोध नको. मधोमध चीर देऊन कमानीचा लागेल तेवढाच भाग काढतात. लहान गाठ असेल तर एका बाजूचाच. मग सूक्ष्मदर्शक पुढे ओढला जातो आणि पुढचं सगळं काम त्यातून चालतं. मज्जारज्जूचं आवरण उघडलं की पिवळसर, चकचकीत गाठ बाजूला दिसते. मोठी असेल तर ती अखंड ओढून काढत नाहीत. आधी आतून पोकळ करतात, म्हणजे तिच्या भिंती आपोआप आत बसतात आणि मज्जारज्जूला धक्का न लावता ती सोडवता येते. हातापायांच्या संदेशवहनावर यंत्र सतत लक्ष ठेवून असतं. कुठे ताण पडला तर ते लगेच कळतं आणि हात थांबतो.

ज्या मुळावर गाठ उगवली ते मूळ अनेकदा गाठीबरोबर कापावं लागतं. हे ऐकून घरचे हबकतात. पण ते मूळ बहुधा आधीच निकामी झालेलं असतं आणि त्याचं काम शेजारच्या मुळांनी केव्हाच उचललेलं असतं. हाताला किंवा पायाला बळ देणारं मूळ असेल, तर मात्र सर्जन आधी विजेच्या सौम्य स्पर्शानं त्याची परीक्षा घेतात. काही गाठी मणक्यांमधल्या छिद्रातून बाहेर पसरून व्यायामाच्या डंबेलसारख्या होतात, अर्धी आत, अर्धी बाहेर. त्यांना काढायला जास्त वेळ लागतो, कधी दोन टप्पेही लागतात. शेवटी आवरण पाणी झिरपणार नाही असं शिवतात, कारण आतलं पाणी गळू लागलं तर डोकं दुखतं आणि जंतुसंसर्गाची भीती असते.

भूल उतरू लागली की सर्जनचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, 'पायाची बोटं हलवा बरं.' बाहेर बसलेल्या माणसांचे प्राण त्या अंगठ्याच्या टोकाशी गोळा झालेले असतात.

धोका नाहीच असं कुणी सांगू नये. काही काळ बधिरपणा येतो, क्वचित अशक्तपणा वाढतो, पाणी गळतं, जखम चिघळते. हे सगळं शस्त्रक्रियेआधी विचारून घ्यावं. या कामात मुरलेल्या न्यूरोसर्जनकडे जावं, गरज वाटली तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्यावं. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. पण एक हिशेब मात्र साऱ्या घरानं मिळून मांडावा. गाठ पूर्ण निघाली तर ती पुन्हा होण्याचं प्रमाण फार थोडं असतं. आणि शस्त्रक्रियेनंतर माणूस कितपत सुधारेल, हे बरंचसं तो शस्त्रक्रियेआधी कसा होता यावर ठरतं. चालत टेबलावर गेलेला माणूस बहुधा चालतच घरी येतो. दुखणं आधी जातं, ताकद सावकाश, महिने घेत येते. लघवीवरचा ताबा फार दिवस गेलेला असेल, तर तो परत यायला सर्वांत उशीर लागतो, कधीकधी येतही नाही. कॅप्टनचे पाय परत आले हे त्याचं नशीब. प्रत्येकाचं तेवढं बलवत्तर नसतं. तेव्हा भीती सुरीची बाळगण्यापेक्षा उशिराची बाळगावी.

प्रत्येक गाठीला सुरी लागतेच असं मात्र नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये लहानशी गाठ सापडली आणि त्रास काहीच नसेल, तर ठरावीक काळानं पुन्हा चित्र काढून लक्ष ठेवणं पुरतं. त्यात हयगय करू नये एवढंच.

ऐकून घेणारं माणूस

घरी काय पाहावं? रात्री आडवं झाल्यावर वाढणारं, आठवडे उलटूनही न हटणारं दुखणं. छातीभोवती किंवा हातापायांत एकाच वाटेनं जाणारी कळ. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, जिना उतरताना गुडघा वळतो, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकतात, लघवी अडते किंवा नकळत होते. यातलं काही दिसलं तर मालीशवाला नको, मणके बसवून देणारा तर मुळीच नको. डॉक्टरकडे जावं. पाय पटापट अशक्त होत असतील किंवा लघवी अडली असेल, तर त्याच दिवशी जावं.

या खुणा यंत्राला दिसण्याआधी घरातल्या माणसाला दिसतात. सून चहाचा कप हल्ली दोन हातांनी धरते, हे सासूला दिसतं. वडील रात्री खुर्चीत झोपतात, हे मुलाला दिसतं. बायका तर स्वतःचं दुखणं सर्वांत शेवटी सांगतात. मुलांच्या परीक्षा होऊ देत, सणवार होऊन जाऊ देत, मग पाहू. तोवर गाठ थांबत नाही.

व्हिक्टर हॉर्स्ली पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून गेले आणि १९१६ साली मेसोपोटेमियात, अमाराच्या उन्हाळ्यात उष्माघातानं वारले. त्यांच्या हातचं कौशल्य आज अनेक शहरांतल्या सर्जनांच्या हाती आहे आणि साधनं त्यांच्या स्वप्नातही नव्हती इतकी चांगली आहेत. पण गॉवर्सनी जे केलं त्याला आजही यंत्राचा पर्याय नाही. त्यांनी तीन वर्षं कुणाला न उमगलेलं दुखणं खरं मानलं, नीट ऐकून घेतलं आणि मगच सुरीचा विचार केला. एमआरआय काढायला कुणीतरी पाठवावं लागतं, आणि पाठवण्याआधी कुणीतरी विश्वास ठेवावा लागतो. तो पहिला विश्वास डॉक्टरच्या दवाखान्यात नव्हे, घरातच ठेवला जातो. रात्री अडीचला कुणी अंथरुणात उठून बसलेलं दिसलं, तर कूस बदलून झोपू नये. उठून विचारावं, 'कुठं दुखतंय? नीट सांग बरं.'